काळ्या तुळशीची हिरवी पानं

॥ श्री ॥

सरळगाव, ता. मुरबाड
२९ ऑगस्ट १९९९

सौ. वत्सलाबाय यांस,
भागीरथीचा सप्रेम न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुमच्या भावाचा गुडघा आता बरा आहे, लावणी वेळेत झाली. साईनाथ कंपनीत जातो-येतो. हल्ली शनिवारी त्याला ओव्हरटाइम असतो, त्यामुळे रात्रीची गाडी चुकते आणि रविवारी उगवतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. आपली तुळस हिरवी पडली. तुमच्या आईने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लावलेली काळी तुळस. दर दोन-तीन वर्षांनी तिच्याच मंजिरीचं बी धरून मी नवं रोप करत आले. पानं जांभळी-काळी, देठ वांग्याच्या सालीसारखा, हे तुम्हाला मी काय सांगावं, तुम्ही तिच्या ओट्यावरच मोठ्या झालात. सत्तावीस वर्षांत तिचा रंग कधी हलला नाही. यंदा जेठ संपता संपता कोवळी पानं हिरवट यायला लागली आणि श्रावण लागेपर्यंत सगळं झाड पालकाच्या भाजीसारखं झालं. मी काही कमी केलं नाही. राख घातली, माती हलवली, मंजिऱ्या खुडल्या. लग्नाच्या मांडवाचे पत्रे तसेच ठेवलेत, त्यामुळे यंदा तर तिला पावसाचा मारा नाही की उन्हाचा चटका नाही. इतकी कधी जपली नव्हती.

मग झालं काय, ते समोरच्या कमळने सांगितलं. आमची सून दर्शना तिच्या चार दिवसांत तुळशीला पाणी घालताना तिला दिसली. मी दर्शनाला विचारलं. ती म्हणाली की मी घातलं नाही, पण झाड सुकत असतं तर घातलं असतं. असं तोंड वर करून. लग्नाला तीन महिने झालेले आणि ही भाषा. बारावी झाली म्हणून काय झालं, मीही मॅट्रिक आहे, पण सासूबाईंपुढे अशी बोलले नाही कधी. मी सांगितलं की ज्या घरातला देव तुझ्या हाताने कोमेजला तिथे राहून काय करणार आहेस. नागपंचमीला ती आटगावला माहेरी गेली ती आलेली नाही. मी बोलावलंही नाही. माझ्या घरात तुळस बाटवणारी सून नको. साईनाथ तोंड उघडत नाही, तुमचे भाऊ शेतावर जाऊन बसतात. सगळा वाईटपणा माझ्याच पदरी.

बाटलेली तुळस मी परवा काळू नदीत सोडली. वृंदावन मोकळं आहे, ते बघवत नाही. आईंच्या तुळशीचं रोप तुमच्या सापगावच्या अंगणात आहे. त्यातलं एक चांगलं काळं बघून पाठवावं. कार्तिकात तुळशीचं लग्न लावायचं आहे.

तुमच्याकडच्या सर्वांना आशीर्वाद. लोभ आहे तो तसाच राहू द्यावा.

आपली,
भागीरथी

॥ श्री ॥

सापगाव, ता. शहापूर
५ सप्टेंबर १९९९

ती. सौ. वैनींच्या सेवेशी,
वत्सलाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून मी इतकी रागावले की दूध उतू गेलं. आमचे हे म्हणाले की कोणाचं पत्र आहे, तर मी म्हटलं की नदीत सोडलेल्या आईचं.

वैनी, आईची तुळस तुम्ही मला न विचारता सोडलीत. मी कोण ते सांगा. नणंद, दूरची, सापगावची, म्हणून मला आधी कळवायचं नाय? हिरवी तर हिरवी, जिवंत होती ना ती? आजारी माणसाला कोण नदीत सोडतो?

आणि दर्शनाचं. मी लग्नात तीन दिवस तिकडे होते. ती पोर मला एकदाही उलट बोललेली आठवत नाय. तुमच्या कमळला मात्र मी लहानपणापासून ओळखते. तिच्या ओसरीवरून तुमचं वृंदावन दिसतं किती आणि तिला दिसलं किती, ते देव जाणे. आणि दर्शनाचे चार दिवस कुठले ते कमळला कसे ठाऊक? वही ठेवते वाटतं ती?

रोप मात्र पाठवते, कारण वृंदावन मोकळं मलाही बघवणार नाय. आमचे हे मंगळवारी मुरबाडच्या बाजाराला जातील, तेव्हा सरळगावला उतरून देतील. डालड्याच्या डब्यात आहे, मातीसकट. वीतभर आहे आणि तव्यासारखं काळं आहे. नीट बघून घ्या, मागाहून म्हणू नका.

साईनाथच्या ओव्हरटाइमचं वाचून मात्र हसू आलं. कंपनीने आटगाव टेसनाजवळ शाखा काढली की काय, ते विचारा त्याला. शनिवारी संध्याकाळी तिथे पिशवीत केळी घेऊन उतरणारा एक ओळखीचा जावई आमच्या शेजारच्या गणूभाऊला दोनदा दिसला.

भाऊदादाला नमस्कार सांगा. रागाने लिहिलं असलं तरी माया कमी झालेली नाय, एवढं धरून असा.

तुमची,
वत्सला

॥ श्री ॥

सरळगाव
२१ ऑक्टोबर १९९९

सौ. वत्सलाबाय यांस,
भागीरथीचा न. वि. वि.

दसरा झाला. सोनं द्यायला कोणी आलं नाही, आम्हीही कुठे गेलो नाही.

तुम्ही पाठवलेलं रोप मी आठ सप्टेंबरला, बुधवारी सकाळी, न्हाऊन ओल्या वस्त्राने वृंदावनात लावलं. माझ्या वहीत तारीख आहे. आलं तेव्हा काळं होतं, हे मान्य करते. आज त्याला सहा आठवडे झाले. खालची चार पानं काळी आहेत, त्यावर आलेलं प्रत्येक पान हिरवं आहे. शेंड्याला तर रंगाचा मागमूस नाही.

दर्शना या घरात नाही. मी स्वतः पाळते, माझं आता सगळं थांबलंच आहे. कमळला मी वृंदावनाच्या पायरीवर पाय ठेवू देत नाही. तुमचे भाऊ आंघोळीशिवाय तिकडे फिरकत नाहीत. मग बाधा कुठून आली? तिकडूनच आली असणार. राग मानू नका, पण तुमची नम्रता आता नववीला आहे, मोठी झाली आहे. शाळेत जाणाऱ्या मुली हल्ली काही पाळत नाहीत. तिचा हात लागला असेल आणि तुम्हाला सांगितलं नसेल. रोपात आधीचंच असलं तर ते इथे येऊन दिसलं. मी एवढ्या विश्वासाने मागितलं आणि तुम्ही बघून दिलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

साईनाथचं तुम्ही लिहिलं होतं, ते मी त्याला विचारलं. मान खाली घालून म्हणाला की हो. ज्या मुलाला मी नऊ महिने पोटात आणि सव्वीस वर्षं घरात ठेवला तो केळी घेऊन चोरासारखा बायकोला भेटायला जातो आणि मला ओव्हरटाइम सांगतो. यंदा त्याचा पहिला दिवाळसण. मी त्याला सांगितलं आहे की आटगावला दिवाळीला गेलास तर परत इथे येऊ नको.

तुळशीच्या लग्नाला एक महिना उरला. हिरव्या तुळशीशी कृष्णाचं लग्न लावू की नको, ते भटजींना विचारते.

कळावे. लोभाचं तुम्हीच ठरवा.

भागीरथी

॥ श्री ॥

सापगाव
२५ ऑक्टोबर १९९९

ती. सौ. वैनींस,
सा. न. वि. वि.

आधी सुनेवर, मग माझ्या पोरीवर. पुढच्या पत्रात माझ्यावर येणार का? तसं असलं तर आताच या, सगळं एकदम होऊन जाऊ दे.

नम्रताला मी तुमचं पत्र दाखवलं नाय. पोर मामीवर जीव टाकते, तिला कशाला दुखवू. पण ऐका. आमच्या घरात मी, सासूबाई आणि नम्रता, तीन बाया आणि एकच अंगण. तुळशीच्या भोवती सारवणं, झाडणं, वाळवण घालणं चालूच असतं. कोणाचा पदर कधी लागला असेल, मी शपथ घेणार नाय. आमची तुळस काळी कुळकुळीत आहे. या आणि बघा.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी चप्पल घातली आणि शहापूरहून जीपने आटगावला गेले. म्हटलं, आता त्या पोरीच्या तोंडूनच ऐकते. दर्शनाचं घर टेसनापासून थोडं आत, तानशाच्या वाटेला आहे. अंगण उघडंबोडकं, झाड नाय की मांडव नाय, दिवसभर ऊन. आणि अंगणात काय बघितलं सांगू? तेलाच्या डब्यात तुळस. इतकी काळी की मला वाटलं कोणी शाई ओतली. मी विचारलं की कुठली ही. तिची आई म्हणाली की सासरहून निघताना वृंदावनाखाली बी पडून आलेलं एक रोप ओल्या फडक्यात बांधून घेऊन आली. आणलं तेव्हा हिरवं होतं म्हणे, तुम्ही नदीत सोडलीत तिच्यासारखंच.

वैनी, आता नीट वाचा. तुमच्या बाटलेल्या तुळशीचं पोर, तुमच्या बाटवणाऱ्या सुनेच्या हातात, दोन महिने, रोज पाणी तिचंच. आणि ते काळं झालं. आणि माझं काळं रोप तुमच्या सोवळ्या हातात हिरवं पडलं.

मी तिथेच डोक्याला हात लावून बसले. मग मला तुमचे पत्रे आठवले. लग्नात मी तुम्हाला म्हटलं होतं की कापडी मांडव भाड्याने आणा, दोन दिवसांचं काम. तुम्ही म्हणालात की भाडं फुकट जातं, पत्रे घेतले तर कायमचे, पावसात लाकडं राहतील, कपडे सुकतील. राहिली असतील लाकडं. पण ते पत्रे अंगणावर पुढे येतात आणि वृंदावन बरोबर त्यांच्याखाली येतं. मे महिन्यात पत्रे चढले, जूनमध्ये पान हिरवं झालं. काळ्या तुळशीला ऊन लागतं. सावलीत तिचा रंग उतरतो. आमच्याकडे आंब्याखाली बी पडून आलेली रोपंसुद्धा हिरवट राहतात, मी उचलून उन्हात लावली की काळी होतात. हे मला माहीत होतं आणि तुमचं पहिलं पत्र वाचून सुचलं नाय, कारण मीही रागातच होते. त्याचा दोष माझा.

साईनाथला सांगा आणि पत्रे उतरवा. शेंडे खुडा, कारण जुनी पानं बदलत नाहीत, नवी येतील ती रंग घेऊन येतील. पंधरा दिवस लागतील.

पोरीने दोन महिने शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ऐकून घेतलं आहे की नवऱ्याने टाकली. तेवढं लक्षात असू द्या.

भांडले ती तुमची म्हणून भांडले, हे जाणून असावं.

वत्सला

॥ श्री ॥

सरळगाव
११ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. दर्शना हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, अंगणावरचे पत्रे सत्तावीस ऑक्टोबरला उतरवले. तुळशीचे शेंडे खुडले. काल आलेल्या नव्या पानांना जांभळा रंग चढला आहे, देठही काळा पडतो आहे. ती सावलीने हिरवी पडली होती असं दिसतं. तुझ्या हातून काही झालं नव्हतं हे त्यावरून कळलं.

झालं गेलं विसरावं. तेवीस तारखेला, पौर्णिमेला, आपल्याकडे तुळशीचं लग्न आहे. घरच्या सुनेने तुळशीला हळद लावायची पद्धत आहे. साईनाथला वीस तारखेला आटगावला पाठवते, त्याच्याबरोबर यावं. तुझ्या आईवडिलांना नमस्कार.

तुझी सासू,
भागीरथी

॥ श्री ॥

आटगाव, ता. शहापूर
१५ नोव्हेंबर १९९९

ती. सौ. आईंच्या चरणी,
दर्शनाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. माझी आई म्हणाली, बोलावलं ना, बॅग भर. बाबा म्हणाले, मोठ्या माणसाने एवढं लिहिलं म्हणजे खूप झालं. मी बॅग भरली नाही. आधी हे पत्र लिहिते आहे.

आई, तुळस काळी झाली म्हणून मी खरी ठरले. ती हिरवीच राहिली असती तर? कीड लागून हिरवी पडली असती, माती वाईट असती, बीच तसं निघालं असतं, तर मी जन्मभर इथेच राहिले असते? तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं की मी पाणी घातलं नाही. ते पुरलं नाही. पानाने सांगितलं तेव्हा पुरलं. उद्या गाय आटली, परवा भाताला तुडतुडे पडले, की पुन्हा मला कोणत्या पानाची साक्ष काढायची?

तुम्ही लिहिलंत की झालं गेलं विसरावं. मी विसरेन. पण जे कमळकाकूंच्या ओसरीवर बोललं गेलं, पाणवठ्यावर बोललं गेलं, आटगावच्या बाजारापर्यंत आलं, ते कोण विसरणार? माझ्या धाकट्या बहिणीला, रेश्माला, बघायला येणार होते ते आले नाहीत. निरोप पाठवला की मोठी परत आली आहे ना, मग थांबू.

यांना पाठवू नका. हे तर दर शनिवारी येतातच. दिवाळीलाही आले होते, तुम्ही नको म्हटलंत तरी, फराळ न खाता अंगणात बसून गेले. यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं भांडण यांच्याशी नव्हतंच.

मी उलट बोलते असं वाटलं तर वाटू द्या. मी तुमचा अपमान करत नाही. मला त्या घरात यायचं आहे, म्हणूनच विचारते आहे. यायचं नसतं तर पत्र फाडून गप्प बसले असते.

आशीर्वाद मागते. आणि उत्तर मागते.

आपली सून,
दर्शना

॥ श्री ॥

सरळगाव
१९ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. दर्शनास,
तुझ्या सासूचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी काल सकाळी वाचलं आणि आधी संतापले. चूल पेटवली, भाकऱ्या केल्या, एक करपली. मनात म्हटलं, बोलावलं तर येत नाही आणि वर जाब विचारते. तुझे सासरे म्हणाले की पत्र मला वाचून दाखव. वाचताना "ते पुरलं नाही" या जागी मी कागद त्यांच्या हातात दिला. पुढचं त्यांनीच वाचलं.

तू उत्तर मागितलंस. देते.

सन चौऱ्याहत्तरच्या चैत्रात तुझ्या वत्सलाआत्याचं पहिलं बाळंतपण होतं. सासूबाई सापगावला जाऊन राहिल्या होत्या. घरात बाईमाणूस मी एकटी. माझे चार दिवस आले. सासरे आणि हे पहाटे शेताच्या बांधबंदिस्तीला जायचे ते दिवस कलता यायचे, तुळशीकडे बघायला त्यांना सवड नव्हती. ऊन असं होतं की तिसऱ्या दिवशी तुळशीने मान टाकली. मी ओसरीवर बसून तिच्याकडे बघत होते. शेवटी उठले आणि एक तांब्या पाणी घातलं. संध्याकाळी आणखी एक. चौथ्या दिवशीही घातलं. सासूबाई परत आल्या, तुळस बघितली आणि म्हणाल्या, "भागीरथी, तुळस छान राखलीस गो." मी पाया पडले आणि काही बोलले नाही. तुळस काळीच राहिली, पंचवीस वर्षं.

कमळने तुझं नाव घेतलं तेव्हा मला हे आठवत नव्हतं असं नाही. आठवलं होतं. म्हणूनच मी एवढी ओरडले. जी गोष्ट मी पंचवीस वर्षं गिळून बसले होते ती तू सरळ तोंडावर बोललीस, की सुकत असतं तर घातलं असतं. मला सहन झालं नाही. पानाच्या रंगाचं मला निमित्त मिळालं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की तुळस हिरवी राहिली असती तर मी तुला बोलावलं नसतं. हे लिहायला लाज वाटते, पण तू खरं विचारलंस.

काल दुपारी कमळच्या खळ्यावर गेले. भाताची झोडणी चालली होती, सहा-सात बाया होत्या. मी उभ्याने सांगितलं की दर्शनाने काही केलं नव्हतं, मी खोटा आळ घेतला, रंग माझ्या पत्र्यांनी उतरला. कमळ म्हणाली की मला कोणीतरी दिसलं होतं खरं. मग मी माझं चौऱ्याहत्तरचं सांगितलं. मला वाटलं की आता मला हाकलतील. तर म्हातारी भिमी पेंढा टाकून हसायला लागली. म्हणाली, "अगो, घरात एकटी बाय असली तर काय करील, तुलस मारील? मी पन घातलंय, दर उनाल्यात." तिच्यापाठोपाठ आणखी दोघींनी माना हलवल्या. कमळ तेवढी गवताच्या काड्या वेचत राहिली.

रेश्माला बघायला येणार होते त्यांचं नाव-गाव मला दे. त्यांच्या घरी मी स्वतः जाईन. जे मी मोडलं ते मीच जोडायला गेलं पाहिजे. जुळेल न जुळेल, जाईन मात्र.

साईनाथला मी पाठवत नाही. रविवारी पहिल्या एस.टी.ने मी येते, किन्हवलीमार्गे शहापूर आणि तिथून जीपने. तुझ्या अंगणात बसेन. तू चहा दिलास तर घेईन. बॅग भरायची की नाही ते मला बघितल्यावर ठरव. नाही भरलीस तर मी रात्रीपर्यंत परत जाईन आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

हे पत्र जपून ठेव. यात मी काय केलं ते माझ्या अक्षरात आहे. पुन्हा कधी तुझ्या बोलण्याआधी मी दुसऱ्या कोणाचं खरं धरलं, तर चार बायांत हे मोठ्याने वाचून दाखव. मी मध्ये बोलणार नाही.

लोभ मागायला आज मला तोंड नाही. तुझ्या दारात येऊन मागेन.

भागीरथी